एकतीस लेकरांची हजेरी

प्रोजेक्टरचा दिवा आणायचा, एवढ्याच कामासाठी सोमेश पहाटेच्या एसटीनं उदगीरहून नांदेडला गेला होता. तिथल्या वजिराबाद भागात एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या मालकाकडे सोळा एमएमच्या मशीनचे दोन दिवे पडून आहेत, असं त्याला कळलं होतं. मालकानं माळ्यावरून खोकं काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि एक दिवा कानाजवळ धरून हलवला. आतली तार किणकिणली.

"हा मेला," तो म्हणाला. मग दुसरा हलवला. तो गप्प राहिला. "हा जिता हाय. पण किती वेळ जळंल त्याची ग्यारंटी न्हाई बघा."

"अकरा मिनिटं जळला तरी बस्स झालं."

"अकरा मिनिटांत काय बघून राहिले तुम्ही?"

"एकतीस लेकरं," सोमेश म्हणाला. दिवा रुमालात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात ठेवून, डबा मांडीवर घेऊन तो दुपारच्या गाडीत बसला. मुखेडपर्यंतच्या खड्ड्यांत त्यानं डब्यावरचा हात एकदाही उचलला नाही.

सोमेश पंचावन्न वर्षांचा. स्टेशन रोडला त्याचं दुरुस्तीचं दुकान. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता मोबाइल. पण हे मशीन वेगळं. ते नागप्पांचं होतं. नागप्पा मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, अडत व्यापारी, सकाळी कपाळाला भस्म लावून गादीवर बसणारे, आणि महिन्यातून एक दिवस गादी सोडून सिनेमा दाखवणारे. अमावास्येला मोंढा बंद असतो. काटे बंद, सौदे बंद, हमालांना सुट्टी. त्या दिवशी नागप्पा आपल्या गोदामाच्या झरोक्यांवर बारदाना टांगून भरदुपारी अंधार करायचे आणि समोरच्या भिंतीवर, स्वतः चुन्यानं रंगवलेल्या पांढऱ्या चौकोनात, पॅलेस्टाईन दाखवायचे.

तो सिनेमा त्यांच्याकडे आला हैदराबादहून. तिथं सामी नावाचा एक पॅलेस्टिनी मुलगा इंजिनिअरिंग शिकत होता, आणि मालाच्या कामानं हैदराबादला जाणाऱ्या नागप्पांशी त्याची एका सभेत दोस्ती झाली होती. शिक्षण संपवून जाताना सामीनं तीन डबे नागप्पांच्या हवाली केले. एका निर्वासित छावणीचा सिनेमा, पंच्याहत्तर सालचा. प्रत मुकी होती. सोबत इंग्रजीत छापलेला एक कागद होता. भिंतीवर काय चाललंय ते त्यावरून उभं राहून सांगायचं. नागप्पा मराठीत सांगायचे, मशीन घेऊन देगलूरकडे गेले की अर्धं तेलुगूत, औरादकडे कन्नडमध्ये. लोक नावं ठेवायचे. धान्याची तोलाई करणारे व्यंकटराव तर तोंडावर म्हणायचे, "नागप्पा, हितं प्यायला पाणी न्हाई, अन् तू त्या लोकांचं दुःख आणून दाखवून राहिलास."

नागप्पा म्हणायचे, "अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या भीतीनं आपण रातोरात गाव सोडलो, सोलापूरकडं छावणीत राहिलो. दहा वर्षांचा होतो मी. तंबूत शाळा भरायची. तिथं आपल्याला भाकर वाढणारे आपले कोण होते, सांग. अन् परत आलो तवा मुसलमान शेजाऱ्यांची घरं रिकामी होती, ते बी बघितलो मी." मग व्यंकटराव पोत्यांच्या पुढच्या थपीवर मांडी घालून बसायचे आणि शेवटपर्यंत उठायचे नाहीत.

दुसऱ्या डब्यात तंबूतल्या शाळेची हजेरी होती. जाड मिशांचे मास्तर ओठ हलवतात, एक लेकरू उभं राहतं, तोंड उघडतं, बसतं, मग दुसरं. एकतीस लेकरं, एकामागून एक. पहिल्याच खेळाला मागे बसलेल्या पारूबाईला, जी मोंढ्यात धान्य चाळायची, ते सहन झालं नाही.

"लेकरू बोलून राहिलंय अन् आवाज का न्हाई?" ती म्हणाली. "मास्तर गैरहाजर लावील की त्याला." आणि तिनं अंधारातून खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "हाजर!"

लोक हसले. मग पुढच्या लेकरासाठी संगप्पा हमाल ओरडला, "हाजर." मग नीलाबाई. सामीला नागप्पांनी हे पत्रानं कळवलं, तेव्हा त्याचं उत्तर आलं की आमच्या शाळेतही लेकरं हाच शब्द म्हणतात, आणि पत्र वाचून मी दिवसभर कुणाशी बोललो नाही.

तेव्हापासून ती रीतच पडली. कागदावर एकतीस नावं होती. नागप्पांनी ती वाटून टाकली. खालिद संगप्पाचा. फादिया पारूबाईची. इब्तिसाम नीलाबाईची. जमील व्यंकटरावांचा. ज्याचं नाव येईल त्याच्या वतीनं ज्यानं त्यानं हाजर म्हणायचं, कारण लेकराची हजेरी चुकता कामा नये. संगप्पा तर सणाला गुळाचा खडा काढून ठेवायचा, खालिदच्या वाट्याचा. सोमेशचे वडील नागप्पांकडे दिवाणजी होते. नऊ वर्षांच्या सोमेशला नऊ वर्षांचा मुनीर मिळाला, सत्ताविसावा, कान थोडे बाहेर आलेला. दहा वर्षं दर खेळाला सोमेशनं त्याच्यासाठी हाजर म्हटलं. मग मशीनचा दिवा गेला, टीव्ही आला, आणि खेळ थांबले. माणसंही एकेक करून गेली. नागप्पांना जाऊनही पंधरा वर्षं झाली होती. जाण्याआधी त्यांनी मशीन सोमेशकडे दिलं आणि म्हणाले, "तेल घालत जा."

तो तेल घालत आला. दुसरं काही करायचं सुचलं नव्हतं.

आणि या उन्हाळ्यात दामिनी आली. ही मूळची भोकरची, चाळिशीतली बाई, हैदराबादच्या एका छोट्या चित्रपट-संग्रहात कामाला. लढ्यांचे जुने सिनेमे शोधणं हेच तिचं काम. तिनं सांगितलं, की या पॅलेस्टिनी सिनेमांच्या मूळ प्रती ब्याऐंशी सालच्या लढाईत बैरूतमधून नाहीशा झाल्या; आता कुठं टोकियोत, कुठं रोममध्ये, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या तळघरात एखादा डबा सापडतो. नागप्पांनी सामीला लिहिलेलं ते हाजरचं पत्र सामीच्या मुलीनं जपून ठेवलं होतं. त्यावर पत्ता होता, 'मोंढा, उदगीर'.

डबे नागप्पांच्या मुलानं, अमरेशनं, गोदामातच ठेवले होते. उघडले तर सिरक्यासारखा आंबट भपकारा आला. फिल्म आंबली होती, आखडली होती. नावांचा कागद वाळवीनं खाल्लेला. हातात घेतला तर भुगा झाला.

दामिनीनं तो भुगा रुमालात गोळा केला. मग म्हणाली, "अम्मानमध्ये नवाल नावाच्या बाई आहेत. या हजेरीतल्याच एक. साठीच्या आहेत आता. ती छावणी शूटिंगनंतर पुढच्याच वर्षी जमीनदोस्त झाली. मास्तर गेले, हजेरीपट जळाला. कोण कोण त्या वर्गात होतं ते त्या वीस वर्षं गोळा करतायत, अन् त्यांच्याकडे अकराच नावं आहेत. चेहरे फिल्मवर मिळतील. नावं कुठून आणायची?"

"अव्वाला माहीत हायत," सोमेश म्हणाला.

अव्वा म्हणजे नागप्पांच्या पत्नी गौरम्मा. अख्खा मोंढा त्यांना अव्वा म्हणायचा. दर खेळाला त्या नागप्पांशेजारी बसून कागदावर बॅटरी धरायच्या. कागद नागप्पांना लागायचा, अव्वांना नाही. आता त्या ऐंशीच्या होत्या, आणि घरात सून अंबिका हलक्या आवाजात सांगायची, "परवा नातवाचं नाव विचारलं त्यांनी. डॉक्टर म्हणले, हे आता दर महिन्याला वाढत जाणार."

दामिनीनं फिल्मच्या काही चौकटींचे फोटो टॅबवर अव्वांना दाखवले. अव्वांनी ते डोळ्यांजवळ नेले, लांब धरले.

"ही नुसती उभी हायत," त्या म्हणाल्या. "चालू दे की. चालली की नाव येतं."

"चालवता येत नाही अव्वा. रीळ आंबलंय. हैदराबादला फिल्म-दुरुस्तीचा नंबर लागायला आठ महिने आहेत. तिथं एकेक चौकट सोडवून घेतील. मशीनवर लावलं तर बहुतेक एकदाच चालेल, मग संपलं."

"मी बी आंबले," अव्वा म्हणाल्या. "आठ महिन्यांनी मला कोण सोडवून घेतंय? दोघींना एकदाच चालवा."

दामिनी त्या रात्री झोपली नसावी. सकाळी येऊन तिनं सांगितलं की पहिला आणि तिसरा डबा जसाच्या तसा नेऊ. दुसऱ्यातली हजेरी चालवू, एकदाच, अकरा मिनिटं. समोरून कॅमेऱ्यानं भिंत टिपून घेऊ, म्हणजे फिल्म गेली तरी चित्र उरेल. म्हणून तर सोमेश नांदेडला गेला होता.

*

पुढच्या अमावास्येला सकाळी अकरा वाजता सोमेश अव्वांना रिक्षातून गोदामात घेऊन आला. मोंढा रिकामा होता. एरवी त्या वेळी काट्यांची खणखण, हमालांच्या हाका, ट्रकचे हॉर्न. आज कबुतरंसुद्धा पत्र्यावर नुसती बसून होती. गोदामात तुरीच्या पोत्यांच्या थप्या दोन्ही बाजूंना छतापर्यंत गेल्या होत्या. मागच्या बाजूच्या थप्या कमरेएवढ्या, बसण्याजोग्या. समोरचा चुन्याचा चौकोन पिवळा पडला होता, पण अमरेशनं त्याला टेकून एकही पोतं कधी लावलं नव्हतं.

सोमेशनं झरोक्यांवर बारदाना टांगला. शटर ओढलं. अंधार असा झाला की स्वतःचा हात दिसेना, आणि त्या अंधारात आंबट वास घसा धरू लागला. दामिनीनं निळे मास्क आणले होते. सोमेशनं बांधला. अव्वांनी नाकारला.

"तोंड बांधून नावं कशी घेऊ?"

दामिनी कॅमेऱ्यामागे उभी राहिली, कानांवर हेडफोन चढवले. अव्वांच्या पदराला तिनं छोटा माइक लावला होता. सोमेशनं चष्मा पुसला, रीळ दात्यांवर बसवलं, हळूच बटण दाबलं. दिवा लागला.

मशीन खडखडलं. भिंतीवर धूळ नाचली, ओरखडे धावले, आणि मग तंबू दिसला. मास्तर दिसले. छत्तीस वर्षं झाली होती, आणि मास्तरांच्या खिशाला लावलेलं पेन अजून तिरकंच होतं.

मास्तरांचे ओठ हलले. अव्वांचा आवाज आला, सावकाश, पण न अडखळता.

"खालिद."

पहिला मुलगा उभा राहिला. तोंड उघडलं. सोमेशच्या मनात आलं, आता संगप्पा नाही... कुणी तरी म्हणायला पाहिजे. तो तोंड उघडणार, तोच मागच्या थपीवरून आवाज आला.

"हाजर."

दबका आवाज होता. पाठीवर क्विंटलभर ओझं असलेला माणूस दम राखून बोलतो, तसा.

अमरेश आत आला असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. पण शटर खाली होतं. वर गेलं असतं तर उजेड आला असता.

"फादिया," अव्वा म्हणाल्या.

"हाजर..." या वेळी बाईचा आवाज, तोंडात पान धरलेला, डावीकडून.

"इब्तिसाम."

"हाजर."

"जमील."

"हाजरंडी..." आणि एक बारीक खोकला. हाजर शब्दाला तेलुगू 'अंडी'चं शेपूट जोडणारे अख्ख्या मोंढ्यात एकटे व्यंकटराव होते. त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली होती.

सोमेशनं मागे वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. पोत्यांचं ताग करकरत होतं, माणसं मांडी बदलतात तेव्हा करकरतं तसं. आणि एक गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली. आंबट वास गेला होता. मास्कमधून येत होता तो तंबाखूचा, गुळाचा आणि उन्हात राबलेल्या अंगांचा वास. लहानपणीच्या सगळ्या अमावास्यांचा. तो घाबरला होता, हे खरं. पण त्या वासानं त्याचे डोळेही भरून आले, आणि चष्म्यावर वाफ धरली.

दामिनी शांत उभी होती. हेडफोनमध्ये तिला फक्त अव्वांचा माइक ऐकू येत असावा. दहाव्या नावानंतर तिनं कुजबुजून विचारलं, "अव्वा मधे मधे थांबतात का? कुणाची वाट बघतायत?"

सोमेशनं तिच्या कानाकडे बोट केलं. दामिनीनं एक हेडफोन थोडा बाजूला केला.

"बुशरा," अव्वा म्हणाल्या.

"हाजर," अंधार म्हणाला.

दामिनीनं हेडफोन परत कानावर ठेवला. तो ठेवताना तिचा हात दोनदा चुकला.

"कुणी आहे का इथं..." ती म्हणाली.

"आपलेच हायत," सोमेश म्हणाला. तो कसा काय हे म्हणाला, हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही.

एकोणिसाव्या नावाला अव्वा थांबल्या. भिंतीवर एक मुलगी उभी होती, दोन वेण्यांची, तोंड उघडलेली. मशीन खडखडत होतं. अव्वांच्या ओठांतून काहीच येईना. सोमेशनं त्यांच्याकडे पाहिलं. भिंतीच्या उजेडात त्यांचा चेहरा हरवल्यासारखा दिसत होता, नातवाचं नाव विचारताना दिसला असेल तसा. मुलगी आता बसणार. एकदा बसली की गेली, हे रीळ परत चालायचं नाही.

अव्वांच्या उजव्या बाजूला, जिथं कुणीच उभं नव्हतं, तिथं कुणीतरी घसा साफ केला. अगदी हळू.

अव्वांनी मान तिकडे कलती केली. भुवया आवळल्या.

"नीट सांगा की," त्या रिकाम्या जागेला रागावल्या. "नुसतं पुटपुटून राहिले." मग पुन्हा कान दिला, आणि चेहरा खुलला. "हां. रबाब. दोन वेण्यांची रबाब."

"हाजर," मागून कुणीतरी आनंदानं म्हणालं.

त्यानंतर अव्वा अडल्या नाहीत. वीस, एकवीस, पंचवीस. सोमेश मनात मोजत होता, आणि जसजसा सत्ताविसावा जवळ आला तसं त्याच्या लक्षात आलं, की इथं आलेल्यांत जे गेले तेच आहेत. मुनीरसाठी कुणी आलेलं नसणार. मुनीरचा माणूस जिवंत होता, मशीनजवळ उभा होता.

"मुनीर," अव्वा म्हणाल्या.

कान बाहेर आलेला मुलगा उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं.

सोमेशच्या घशातून आवाज निघेना. पंचावन्न वर्षांचा माणूस, भरदिवसा, मेलेल्या माणसांपुढे... त्याच क्षणी मशीनचा सूर बदलला. खडखड थांबून घरघर सुरू झाली. आखडलेली फिल्म दात्यांवर अडकली होती. मुनीर तसाच उभा राहिला, उघड्या तोंडानं. ना बसेना, ना हलेना.

अडकलेल्या फिल्मवर दिवा जळत राहिला तर काय होतं, हे सोमेशला चांगलं माहीत होतं. चित्राच्या कोपऱ्यात तपकिरी डाग उमटला. त्याला फोड आला. डाग सरकत मुनीरच्या खांद्याकडे निघाला.

"दिवा बंद करा," दामिनी म्हणाली. "दादा, जळतंय ते..."

त्याचा हात बटणावर गेला. दिवा विझला असता तर मुनीर वाचला असता. पण मागे चार लेकरं राहिली होती, आणि अव्वांची चालती तार एकदा तुटली की त्यांची नावं परत येणार नव्हती. बोट बटणावर, आणि डाग मुनीरच्या कानाला लागलेला.

"मुनीर," अव्वा दुसऱ्यांदा म्हणाल्या.

मागे पोती करकरली नाहीत.

"मुनीर..."

आणि त्याच्या अगदी जवळ, कानाला जवळजवळ लागून, भस्माचा वास आला. ओळखीचा, समजुतीचा आवाज म्हणाला, "सोमेश. बाळ, तुझा हाय तो."

"हाजर," सोमेश म्हणाला.

मास्कच्या आतून, फुटलेल्या आवाजात, पण म्हणाला. मशीननं एक झटका घेतला. दाते फिल्मच्या भोकांत बसले, डाग भिंतीवरून उडून गेला, आणि मुनीर खाली बसला. सोमेशला असं वाटलं की बसण्याआधी त्यानं मास्तरांकडे न बघता समोर, सरळ भिंतीबाहेर, बघितलं. पण चष्म्यावर वाफ होती, त्यामुळे ते तो शपथेवर सांगणार नाही.

"हिशाम. लैला. तौफीक. नवाल."

चार वेळा हाजर. शेवटी पांढरा उजेड, आणि मोकळ्या झालेल्या रिळाची फटफट. सोमेशनं मशीन बंद केलं. नांदेडचा दिवा थंड होताना किणकिणला आणि मेला.

शटर वर केलं तेव्हा उन्हात धुळीचे कण तरंगत होते. थप्यांवर कुणी नव्हतं. आंबट वास परत आला होता. फिल्मच्या पट्टीला हात लावला तर ती कण्या पडाव्यात तशी तुटत होती. दामिनी उंबऱ्यावर बसली आणि घटाघटा पाणी प्यायली. मग कॅमेरा मागे नेऊन ऐकला. चित्र पूर्ण होतं. आवाजात अव्वांची एकतीस नावं होती, मशीन होतं आणि एकच हाजर होतं, सोमेशचं. बाकी तीस ठिकाणी नुसता खडखडाट.

"अव्वा, तुम्ही कुणाशी बोलत होता मधे?" तिनं विचारलं.

"मालक होते की," अव्वा म्हणाल्या. "बरं झालं आले. सगळेच आलते. आता चहा पाजतंय का न्हाई कुणी?"

*

दामिनी डबे घेऊन गेली. चित्र आणि नावं तिनं अम्मानला पाठवली. तीन आठवडे काही कळलं नाही. त्या तीन आठवड्यांत अव्वा आणखी विसरल्या, एके दिवशी अंबिकालाच म्हणाल्या, "तू कुणाची गं?" पण एकतीस नावं कुणाच्या तरी हाती पोचली होती, एवढ्या गोष्टीनं सोमेशला त्या घराच्या पायऱ्या चढताना धीर यायचा.

मग एका दुपारी दामिनी स्वतःच उदगीरला आली. अव्वा ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. सोमेशला दुकानातून बोलावून घेतलं. नवालबाईंचं पत्र आलं होतं. दामिनी मोबाइलवर बघून मराठीत सांगू लागली.

एकतीसच्या एकतीस नावं बरोबर होती; चेहऱ्याबरोबर नाव ऐकताच त्यांना एकेक आठवत गेलं होतं. नवालबाईंनी लिहिलं होतं की रबाबचं नाव त्या वीस वर्षं शोधत होत्या. दोन वेण्या आठवायच्या, नाव आठवायचं नाही. त्यांनी नावं कागदावर लिहून भिंतीला लावली आणि शेजारणींना बोलावून वाचून दाखवली. उदगीरच्या आजीच्या हातांना त्यांनी सलाम सांगितला होता. अव्वांनी वाती बाजूला ठेवून स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"पुढं आहे," दामिनी म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "लिहितात, की मुनीर जिवंत आहे. अम्मानमध्येच शिंपी आहे, दोन गल्ल्या सोडून. त्याला बोलावून दाखवलं. त्या वर्षी छावणीवर बॉम्ब पडले तेव्हापासून मुनीरची वाचा गेली होती, चार महिने तो एक शब्द बोलला नव्हता. शूटिंगच्या दिवशी मास्तरांनी त्याचं नाव तीनदा घेतलं. तो उभा राहिला, तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. सगळी मुलं भ्यायली. तेव्हा तंबूच्या मागच्या बाजूनं एक माणूस त्याच्यासाठी हाजर म्हणाला. चष्मेवाला माणूस, तोंडाला निळं फडकं बांधलेलं. मुलांना वाटलं, कॅमेरेवाल्यांबरोबर आला असेल. पण कॅमेरेवाले दोघंच होते, आणि त्यांनी नंतर सांगितलं की आमच्याबरोबर कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी मुनीर बोलू लागला."

सोमेश खांबाला टेकून उभा होता.

"नवालबाई विचारतात," दामिनी पुढं म्हणाली, "की तो माणूस तेव्हाच पन्नाशी ओलांडलेला होता, म्हणजे आता नसणार. पण तुमच्या व्हिडिओत त्याचा आवाज आहे. तो तुमच्याकडे कसा आला? आणि मुनीर म्हणतो, हाजर म्हटल्यावर तो माणूस आणखी एक वाक्य बोलला, कुठल्या तरी परक्या भाषेत. मुनीरनं ते तसंच पाठ करून ठेवलंय. पन्नास वर्षं, संकट आलं की तो ते मनात म्हणतो. त्याचा अर्थ अजून त्याला कुणी सांगू शकलं नाही. त्यानं म्हणून पाठवलंय."

तिनं मोबाइल ओसरीच्या कठड्यावर ठेवला आणि बटण दाबलं.

आधी दूरच्या शहरातल्या गाड्यांचा आवाज आला. मग एका वयस्क माणसानं घसा खाकरला आणि मंत्र म्हणावा तशा जपून, एकेक शब्द सुटा करत, तो म्हणाला. उच्चार परके होते. सूर मात्र उदगीरचा होता, आणि वाक्याच्या शेवटी आवाज किंचित खाली सोडायची लकब सोमेशची, स्टेशन रोडवरच्या कुठल्याही गिऱ्हाइकानं ओळखली असती अशी.

"भिऊ नको लेकरा. मी आता हितंच थांबून राहिलो."

मोबाइल गप्प झाला. दामिनीनं तो उचलला नाही.

"मी रेकॉर्डिंग सात वेळा ऐकलं," ती म्हणाली. "हे वाक्य त्यात नाही... गोदामात कुणीच हे बोललं नाही."

अव्वांनी सोमेशकडे पाहिलं. त्या दिवसांत त्या कुणाला ओळखत नसत, पण त्याला त्यांनी त्या घटकेला पुरतं ओळखलं. हात लांब करून त्याचं मनगट धरलं, लहान मुलाला गर्दीत धरतात तसं घट्ट.

"हे कधी म्हणलास रे, सोमेश?"

सोमेशनं कठड्यावरच्या मोबाइलकडे पाहिलं.

"अजून म्हणलो न्हाई, अव्वा," तो म्हणाला.